वारूळ कुठे आहे?

दिवाळी अंकात लेखकाने काहीतरी गोडधोड वाढावे, असा शिरस्ता आहे. दर आठवड्याला या सदरात माझी बडबड ऐकून घेणारे वाचक आज तरी एखाद्या अनारशाची अपेक्षा करत असतील. पण मी आज पानात वाढणार आहे ती अळंबी! नाक मुरडू नका. यंदाची दिवाळी मी सहकुटुंब सहपरिवार पाहतो आहे, ती आमच्या सौ.ने विचारलेल्या एका साध्या प्रश्नामुळे. आणि तो प्रश्न अळंबीविषयीच होता.

सुरुवात कोकणातून करायला हवी. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आषाढात चार दिवस गडगडाट झाला, की आजी मला पहाटेच उठवायची. "चल रे, वारुळावर अळंबी आली असेल." शेजाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून आम्ही कंदील न घेता निघायचो. आजीची वारुळे ठरलेली होती. दागिन्यांचा डबा कुठे ठेवला आहे हे एक वेळ तिने सुनेला सांगितले असते, वारुळाचा पत्ता नाही! ओल्या मातीतून वर आलेल्या त्या करड्या-पांढऱ्या छत्र्या, मधोमध टोकदार मणी, आणि हलक्या हाताने उपटली तर खाली जात जात वीतभर लांब निघणारे ते मूळ. आजी दोन-चार अळंब्या तशाच ठेवायची. "वारुळाचा वाटा," म्हणायची.

तिला ठाऊक नव्हते, पण ती अक्षरशः खरे बोलत होती. ही अळंबी वाळवी पिकवते. वाळवीच्या पोटाला लाकूड नीट पचत नाही, म्हणून ती वारुळाच्या आत चघळलेल्या पालापाचोळ्याचे बाग-वाफे रचून त्यांवर बुरशी वाढवते. पावसात त्या बुरशीलाच वर छत्र्या फुटतात. ते लांबलचक मूळ म्हणजे तळघरातल्या शेतापासून अंगणापर्यंतचा जिना. रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४२ साली या अळंबीच्या घराण्याला नाव दिले, टर्मिटोमायसेस. म्हणजे वाळवीची बुरशी. आफ्रिका आणि आशिया सोडून हे घराणे कुठेही नांदत नाही.

ही शेवटची ओळ मला त्या वेळी माहीत असती, तर पुढचे रामायण घडले नसते.

बालपणीच्या या शिदोरीवर मी जन्मभर अळंबीतला तज्ज्ञ म्हणून मिरवलो. मंडईत प्लास्टिकच्या डब्यातली गोल गोल पांढरी बटणे पाहिली, की "याला काय अळंबी म्हणायचे!" असे मी चारचौघांत म्हणायचो. सौ. पिशवी सावरत भाजीवाल्याला सांगायची, "तुम्ही द्या हो. यांचे रोजचेच आहे."

आमची धाकटी मुलगी जर्मनीत येना नावाच्या गावी असते. गेल्या वर्षी गणपती आटोपून आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. पहिल्याच दिवशी पुलावर उभा राहून मी विचारले, "या नदीचे नाव काय गं?"

"झाले," ती म्हणाली.

"अगं, काय झाले?"

"बाबा, नदीचे नावच झाले आहे!"

तर अशी ही झाले नदी, तिच्या दरीत वसलेले गाव, आणि दोन्ही बाजूंना उघड्या पांढुरक्या कड्यांचे डोंगर. सह्याद्रीचा काळा पाषाण पाहून वाढलेल्या डोळ्यांना हे डोंगर जरा फिकुटलेले, आजारातून उठल्यासारखे वाटतात. पण ते चुनखडीचे आहेत. जर्मन माणसे या खडकाला मुशेलकाल्क म्हणतात, म्हणजे शिंपल्यांचा चुना. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या शिंपल्यांचा आणि चुन्याच्या गाळाचा थरावर थर बसून हे डोंगर झाले. आपल्याकडे किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, तो पानाला लावत, भिंतीला लावत. इथे तोच माल निसर्गाने डोंगर करून ठेवला आहे, आणि त्यावर बीच आणि ओक वृक्षांचे रान वाढले आहे.

एका रविवारी मुलगी आणि जावई घरकामात गुंतलेले पाहून आम्ही दोघे त्या रानात फिरायला गेलो. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. बीचचे सरळ, राखाडी, गुळगुळीत बुंधे देवळाच्या खांबांसारखे उभे होते. पायाखाली ओला पाचोळा. आणि एका वळणावर मी थबकलो. पाचोळ्यातून पाच-सहा छत्र्या वर आलेल्या! पांढुरक्या, किंचित हिरवट झाक असलेल्या, खालून शुभ्र. साठ वर्षे एका क्षणात मागे गेली. आजीचा ओला पदर, कौलावरून गळणारे पाणी, चुलीवरच्या खोबऱ्याच्या वाटणाचा वास, सगळे एकदम दाटून आले.

"अळंबी!" मी ओरडलो आणि खिशातला चाकू काढला.

सौ. वाकून पाहत होती. "अहो, ही आपली वाटत नाही."

"आपली नाही म्हणजे? अळंबीला काय पारपत्र लागते?"

"मधला मणी कुठे आहे?"

"कोवळी आहे अजून."

ती इकडेतिकडे पाहू लागली. मग शांतपणे म्हणाली, "पण वारूळ कुठे आहे?"

"इथल्या थंडीत वारूळ कुठून असणार?"

"मग अळंबी तरी कुठून असणार?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नसले की नवरे जे करतात तेच मी केले. ऐकू न आल्यासारखे करून सगळ्या छत्र्या दांड्यापाशी चाकूने कापल्या, रुमालात बांधल्या आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

जावयांनी रुमाल उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला. माणूस मोठा सभ्य. एवढेच म्हणाले, "बाबा, आज आपण मटकीची उसळ करू. ही आधी दाखवून आणू या." या देशात एक छान प्रथा आहे. हंगामात अळंबीची पारख करणारी परीक्षा दिलेली, सल्ला देणारी माणसे गावोगाव असतात. रानातून टोपली भरून आणावी, त्यांच्यासमोर ओतावी, आणि त्यांनी हो म्हटले तरच चूल पेटवावी. आमच्या भागातल्या सल्लागार बाई माझ्यासारख्याच निवृत्त शिक्षिका निघाल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, केस कापसासारखे, नजर मात्र वहीतली चूक शोधणारी.

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरले, रुमालातला ऐवज त्यावर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मुलगी दुभाष्याचे काम करत होती.

"कोणत्या झाडाखाली?"

"बीच."

"जमीन कशी होती?"

"जमीन? जमिनीसारखी जमीन!"

"आणि यांचा तळ कुठे आहे?"

"कापून आणली आहेत."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे तुम्ही पत्र आणलेत आणि सहीच फाडून टाकलीत. मला ओळखू आली आहे. पण ती मी सांगण्यापेक्षा तुम्ही पाहावी हे बरे. उद्या नऊ वाजता. एक खुरपे घेऊन या."

सौ.ने माझ्याकडे पाहिले नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. पस्तीस वर्षे वर्गावर आवाज चढवून काढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा मागच्या बाकावरचा विद्यार्थी झालो.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर, मी कापलेल्या एका दांड्याचा बुडखा बाईंनी दाखवला. "आता हलक्या हाताने उकरा." मी खुरप्याने पाचोळा आणि माती बाजूला केली. कोकणातल्या अळंबीचे ते लांब मूळ इथे नव्हते. दांडा खाली फुगलेला होता, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या कातडीची एक फाटकी पिशवी होती. अंड्याचे कवच फोडून पिल्लू बाहेर यावे आणि कवच पायाशी राहावे, तशी.

"ही पिशवी दिसली की हात जोडायचे आणि पुढे जायचे," बाई म्हणाल्या. तिचे शास्त्रीय नाव अमॅनिटा फॅलॉइडिस. युरोपात अळंबी खाऊन जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक हिच्यामुळे. हात लावल्याने काही होत नाही, पण एक मोठी छत्री एका धडधाकट माणसाला पुरेशी होते. शिजवून विष जात नाही, वाळवून जात नाही. चवीला वाईट नाही, असे वाचलेली माणसे सांगतात. सर्वांत दुष्टपणा पुढे आहे. खाल्ल्यावर आठ-दहा तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. एक-दोन दिवसांनी बरे वाटू लागते, घरातले सुटकेचा श्वास सोडतात, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते.

मी खुरपे खाली ठेवले. रविवारी रात्रीच्या त्या मटकीच्या उसळीची पाने माझ्या डोळ्यांपुढे आली. चार पाने होती. एक मुलीचे.

बाईंना माझ्या मनातले कळले असावे. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही पहिले नाही. २०१५ साली सिरियातून आलेली माणसे या देशात आसऱ्याला होती. त्या शरद ऋतूत ती रानात गेली आणि त्यांना त्यांच्या गावाकडच्या अळंबीसारखी दिसणारी ही सापडली. हानोव्हरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातच तीसहून अधिक माणसे दाखल झाली. सोळा वर्षांचा एक मुलगा गेला. मग अरबी भाषेत इशाऱ्याची पत्रके काढावी लागली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "ती माणसे मूर्ख नव्हती. त्यांना त्यांच्या देशातली अळंबी उत्तम ओळखता येत होती. घोटाळा तिथेच होतो. अनोळखी गावात माणूस ओळखीचा चेहरा शोधतो."

परतायला मी अधीर होतो, पण बाईंची शाळा सुटली नव्हती. त्या आम्हाला डोंगर चढवून वर घेऊन गेल्या, आणि चुनखडीच्या रानाचा धडा सुरू झाला.

आपल्याला वाटते, अळंबी म्हणजे छत्री. खरी अळंबी जमिनीखाली असते. कोळिष्टकासारख्या बारीक तंतूंचे जाळे. छत्री हे तिचे फळ. बीच आणि ओकखालच्या पुष्कळशा बुरशा आपले तंतू झाडाच्या कोवळ्या मुळांभोवती गुंडाळतात. झाडाला पाणी आणि क्षार मिळवून देतात आणि मोबदल्यात त्याच्याकडून साखर घेतात. ही सोयरीक वाटेल तिथे जमत नाही. झाड जुळावे लागते आणि जमीनही जुळावी लागते. या डोंगराच्या पायथ्याशी तांबडा वालुकाश्म आहे, तिथली माती आंबट. वर चुनखडी, तिथली माती चुन्याची. पायथ्याकडून माथ्याकडे अर्धा तास चढलो, की अळंब्यांची वस्तीच बदलते. काही जाती अशा, की चुना नसेल तिथे पाय ठेवणार नाहीत.

त्यातलीच एक दाखवायला बाईंनी आम्हाला एवढे चालवले होते. एका ओकखाली, उन्हाच्या बाजूला, थाळीएवढी एक जाडजूड अळंबी बसली होती. टोपी खडूसारखी पांढरट, दांडा मडक्यासारखा फुगीर आणि लाल. टोपीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखी लाल छिद्रे. म्हातारी झाली होती, त्यामुळे वास असा, की सौ.ने पदर नाकाला लावला.

"ही सैतानाची अळंबी," बाई म्हणाल्या.

तिला हे नाव दिले हाराल्ड ओथमार लेंट्स यांनी. हे गृहस्थ इथून पश्चिमेला, गोथा शहराजवळच्या श्नेप्फेनटाल गावच्या प्रसिद्ध शाळेत मास्तर होते. शाळामास्तर म्हटल्यावर माझी मान जरा ताठ झाली. १८३१ साली उपयुक्त आणि अपायकारक अळंब्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले. ही खाऊन लोक आजारी पडल्याचे त्यांच्या कानावर आले होते, आणि तिचे वर्णन लिहिताना तिच्या नुसत्या दर्पाने त्यांना स्वतःलाही मळमळू लागले, असे सांगतात. म्हणून नाव ठेवले, बोलेटस साटानास.

शास्त्रातल्या नावाची रीत शाळेच्या हजेरीपटासारखी. आधी आडनाव, मग नाव. बोलेटस हे आडनाव, साटानास हे नाव. टोपीखाली छिद्रे दिसली की आडनाव बोलेटस, असा तेव्हाचा हिशेब. पण छिद्रे सारखी म्हणून घराणे एक, हे म्हणजे चष्मा लावणारे सगळे एका आईचे म्हणण्यासारखे. २०१४ साली चीनमधल्या दोन संशोधकांनी या मंडळींच्या पेशींतला वारसा, ज्याला डीएनए म्हणतात, तो तपासला आणि लाल छिद्रांच्या या शाखेला निराळे घर करून दिले. त्यामुळे एकशे त्र्याऐंशी वर्षांनी सैतानाचे आडनाव बदलून रुब्रोबोलेटस झाले. पाळण्यातले नाव तेवढे राहिले. तिच्याच तोंडवळ्याची एक बहीण आहे. मार्सेल ल गाल या फ्रेंच विदुषींचे नाव तिला दिले आहे. दोघींत जुन्या पुस्तकांनी भलताच गोंधळ घातला होता. त्या बहिणीला चुना मानवत नाही. म्हणजे ओळख पटवायची तर चेहऱ्याआधी पायाखालची माती पाहावी लागते.

सौ. एवढा वेळ गप्प होती. आता मराठीत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी दुसरे काय विचारले होते?"

मुलीने हसत त्याचे भाषांतर केले. बाई उभ्या राहिल्या, आणि सौ.शी हात मिळवला.

वाचकहो, हे गाव अळंबीच्या अभ्यासाचे जुने तीर्थक्षेत्र आहे, हे मला तेव्हा कळले. आउगुस्ट बाट्श नावाचे एक विद्वान १७६१ साली इथेच जन्मले आणि इथेच प्राध्यापक झाले. कवी ग्योथे त्यांचे स्नेही. १७८३ ते १७८९ या काळात बाट्श यांनी रंगीत चित्रांसह अळंब्यांचा ग्रंथ काढला आणि दोनशेच्या आसपास नव्या जाती जगापुढे ठेवल्या. तेव्हा टोपली घेऊन डोंगरावर जावे आणि संध्याकाळपर्यंत नवी जात घेऊन यावे, असे दिवस होते.

पण नाव ठेवले म्हणजे ओळख झाली, असे नाही. बाट्श यांनीच १७८६ साली एका तपकिरी अळंबीचे वर्णन केले. तिची कड आत वळलेली असते. आज तिला पॅक्सिलस इनव्होल्युटस म्हणतात. पुढे दीडशे वर्षे युरोपात लोक ती शिजवून खात आले. युलियस शेफर हे जर्मनीतले नामांकित अळंबीतज्ज्ञ. त्यांनीही १९४४ च्या ऑक्टोबरात ती खाल्ली आणि सतराव्या दिवशी ते वारले. पुढे उलगडा झाला, की काही माणसांचे रक्त या अळंबीला पुन्हा पुन्हा खाऊन खाऊन वैरी मानू लागते, आणि एके दिवशी ते स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडते. म्हणजे "मी इतकी वर्षे खातो आहे, मला काही झाले नाही," हे वाक्य पुरावा म्हणून कवडीमोलाचे. माझे तर साठ वर्षे हेच वाक्य होते.

संध्याकाळी बाईंनी चहाला बोलावले. त्यांच्या खोलीत जुने सूक्ष्मदर्शक यंत्र होते. याच गावात १८४६ साली कार्ल झाइस यांनी आपला कारखाना काढला. इथल्या घरात सूक्ष्मदर्शक असणे म्हणजे आपल्याकडे घरात पाटा-वरवंटा असण्यासारखे. त्यातून मी अळंबीचे बीजाणू पाहिले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, बदामासारखे, अंगावर पुटकुळ्या असलेले. मग बाईंनी कपाट उघडले. आत बुटांचे खोके ओळीने रचलेले, आणि खोक्यांत कागदी पुड्या. प्रत्येक पुडीत एक वाळलेली अळंबी, आणि वर बारीक अक्षरांत चिठ्ठी: गाव, तारीख, कोणते झाड, कोणती जमीन, ताजी असतानाचा रंग, वास, क्षाराचा थेंब टाकल्यावर बदललेला रंग. नावाच्या जागी पुष्कळ चिठ्ठ्यांवर एकच चिन्ह होते: प्रश्नचिन्ह.

"ही तीस वर्षांची प्रश्नचिन्हे," बाई म्हणाल्या.

त्यांचा जीव जडला होता तो कॉर्टिनेरियस नावाच्या घराण्यावर. कोवळेपणी यांच्या टोपीखाली कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा असतो. चुनखडीवरच्या बीचच्या रानात यांतल्या पिवळ्या, जांभळ्या, हिरव्या अशा देखण्या जाती निघतात. एकमेकींसारख्या इतक्या, की जाणकारही हात टेकतात. शेवटी २०२२ साली शास्त्रज्ञांनी हे अवाढव्य एकत्र कुटुंब मोडले आणि दहा चुली वेगळ्या केल्या. रानातल्या देखण्या मंडळींपैकी कित्येकींच्या वाट्याला कॅलोनेरियस हे नवे आडनाव आले. त्यातली ग्रीक मुळाची 'कॅलो' म्हणजे सुंदर.

एक पिवळी जात बाईंना याच डोंगरावर पुन्हा पुन्हा सापडत होती. कोणत्याही पुस्तकाशी जुळेना. नवी असावी, असे त्यांना मनातून वाटत होते. नव्या जातीचा दावा करायचा म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा खटपट मोठी. एक नमुना कायमचा सांभाळायला संग्रहालयात द्यायचा. त्या नावाचा पुढे कधीही वाद झाला, तर साक्षीला तो नमुना उभा राहतो. मग सविस्तर वर्णन छापायचे. २०१२ पूर्वी ते लॅटिनमध्येच लागे, आता इंग्रजी चालते. २०१३ पासून नावाची नोंदणी करून क्रमांकही घ्यावा लागतो. आणि त्याआधी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांशी डीएनए ताडून पाहायचा. बाईंनी आपल्या पिवळीचे तुकडे तपासायला पाठवले.

"मग?" सौ.ने विचारले.

"दोन वर्षांनी उत्तर आले. नवी नव्हती. दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देशात, आधीच नाव दिलेले होते."

आम्ही तिघेही गप्प. बाई मात्र हसत होत्या. "पण मी एक म्हणून पाठवलेल्या दोन पुड्या दोन वेगळ्या जातींच्या निघाल्या! तीस वर्षे मी दोघींना एकच समजत होते. एवढी मोठी चूक मरायच्या आधी कळली, हे काय थोडे झाले?" आणि त्यांनी त्या दोन पुड्या हातावर ठेवून दाखवल्या. जुने नाव एका रेघेने खोडले होते. पुसले नव्हते, खोडले होते. खाली नवे लिहिले होते, तारीख घालून.

शिक्षकाच्या पेशात मी हजारो चुका लाल शाईने खोडल्या. स्वतःची चूक इतक्या प्रेमाने खोडलेली मी प्रथमच पाहिली.

बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणे जगात त्या बावीस ते अडतीस लाख असाव्यात. त्या एका वर्षात २,१८९ नव्या जातींची नोंद झाली. नव्या जातीसाठी रानातच जावे लागते, असेही नाही. २०१४ साली लंडनमधल्या दोन संशोधकांनी दुकानातून सुक्या चिनी अळंबीचे एक पाकीट आणले आणि त्यातले पंधरा तुकडे तपासले. तीन जाती निघाल्या, आणि तिन्ही शास्त्राला अनोळखी! कोणाच्या तरी सारात रोज शिजत होत्या, पण नाव नव्हते. त्यांतल्या एकीचे नाव आता चिनी भाषेतल्या 'खाण्याजोगी' या शब्दावरून आहे.

पुण्याला परतल्यावर मी चौकशी केली. घराजवळच आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा मोठा संग्रह आहे. या विद्येतले आपल्याकडचे आद्य अभ्यासक आजरेकर यांचे नाव त्याला दिले आहे. तिथेही बाईंच्या खोक्यांतल्यासारख्याच पुड्या आहेत. जन्म पुण्यात काढून मला पत्ता नव्हता; मी मंडईतल्या बटणांना नावे ठेवण्यात गुंतलो होतो.

या आषाढात आम्ही गावी गेलो. पुतण्याचा दहा वर्षांचा मुलगा बरोबर होता. बांधावरून चालताना तो एकदम ओरडला, "आजोबा, अळंबी!" आंब्याखाली पांढऱ्या छत्र्यांचा घोळका उभा होता. माझ्या तोंडून शब्द आपोआप निघाले, "वारूळ कुठे आहे?"

मागून सौ. खुदकन हसली.

आम्ही शोधले. जवळपास वारूळ नव्हते. त्या छत्र्या तशाच राहू दिल्या. पुढच्या बांधापलीकडे वारूळ होते, आणि त्याच्या उतरणीवर सात-आठ अळंब्या, मधोमध मणी असलेल्या. मी गुडघे टेकून बोटांनी माती उकरली. एक वीत, दीड वीत. मूळ खाली जातच होते. मुलगा डोळे विस्फारून पाहत होता. मी त्याला आजीची गोष्ट सांगितली, आणि बाईंचीही.

मग एक अळंबी आम्ही कागदात गुंडाळली. त्याच्या वहीचे पान फाडून त्याने चिठ्ठी लिहिली: गाव, तारीख, झाड आंबा, जमीन जांभा, वारुळावर. नावाच्या जागी येऊन तो थांबला. "आजोबा, हिचे खरे नाव काय लिहू?"

साठ वर्षे मिरवलेला तज्ज्ञ क्षणभर घुटमळला. टर्मिटोमायसेस हे आडनाव सांगता आले असते. पण या घराण्यातली नेमकी कोणती, हे मला ठाऊक नव्हते.

"आडनाव लिही," मी म्हटले. "आणि पुढे प्रश्नचिन्ह दे. मोठे दे, सहज दिसेल असे."